काच वाकते तेव्हा

मागच्या वेळी आपण गप्पीच्या पिलांना काय खाऊ घालायचे ते बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच गटांनी एकच प्रश्न विचारला. मासे वाढवतो, विकतो, ते ठीक आहे. पण कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये घराघरांतल्या फिश टँक साफ करायचे काम मिळते आहे, ते घ्यावे का?

घ्यावे. आम्ही घेतले आहे. महिन्याला ठरलेला पैसा येतो आणि आपल्याच टाक्यातले मासेही तिथे विकले जातात. पण ते काम घेण्याआधी पाणी, खाणे आणि औषध यांच्याइतकीच आणखी एक गोष्ट माहीत हवी, ती म्हणजे काच. आज तिच्याबद्दल बोलू. आम्ही ती जरा उशिरा शिकलो. तुम्ही वेळेवर शिका.

आमचा गट टिटवाळ्याच्या पुढचा, दहा जणींचा. सुरुवात दोन सिमेंटच्या टाक्यांवर झाली. गप्पी, मोली, नंतर गोल्डफिश. डोंबिवलीच्या दुकानांना माल द्यायला जाता जाता दुकानदारांनीच घरोघरच्या टाक्यांचे काम सुचवले. सुरुवातीच्या टाक्या लहान होत्या. दोन फूट लांब, फूटभर उंच, वर प्लॅस्टिकची चौकट आणि झाकण. अशा टाकीत काळजी करण्यासारखे फार काही नसते.

मग घोडबंदर रस्त्यावरच्या एका घरातून बोलावणे आले. तिथली टाकी पाच फूट लांब, दोन फूट उंच, दोन फूट रुंद होती. वर चौकट नाही, पट्टी नाही, झाकण नाही. नुसती स्वच्छ काच आणि काठापर्यंत पाणी. दुकानात तिला रिमलेस म्हणतात. आपण बिनचौकटीची टाकी म्हणू. दिसायला फार सुंदर. आमच्या दोघी पहिल्या दिवशी तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्यातली एक शिवणकाम करते. कापडाची कड सरळ आहे की नाही हे तिला लांबूनही कळते. ती म्हणाली, "ताई, ही काच मधे फुगलीये."

खरेच फुगली होती. बाजूला उभे राहून वरच्या कडेवरून नजर टाकली की समोरची काच मधोमध बाहेर आलेली दिसत होती. घरच्या वहिनींनी टाकी बसवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काच वाकतेच. काही होत नाही." त्याचे निम्मे बरोबर होते. काच वाकते हे खरे. पण किती वाकते, आणि उद्या तेवढीच राहते का, हे त्याने सांगितले नाही. आजचे सगळे बोलणे त्याच्या उरलेल्या निम्म्याबद्दल आहे.

आधी काच वाकते का, ते बघू. एक रिकामा तेलाचा डबा घ्या. त्याला वर, मधे आणि खाली अशी तीन भोके पाडा आणि पाण्याने भरा. वरच्या भोकातून पाणी जवळच पडते, मधल्यातून जोर वाढतो आणि अगदी खालच्या भोकातून सगळ्यात जोराने चिळकांडी उडते. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब जास्त. म्हणून धरणाची भिंत वर अरुंद आणि पायाशी रुंद असते. आपल्या शहापूर तालुक्यात 1892 मध्ये पूर्ण झालेले तानसाचे दगडी धरण बघा, हाच हिशेब दगडात मांडलेला आहे. टाकीची काच मात्र वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची असते.

आता आकडे. एक फूट खोलीवर पाणी दर चौरस फुटाला सुमारे 28 किलो दाबते. दोन फूट खोलीवर 57 किलो. अगदी वर शून्य. म्हणजे दोन फूट उंच टाकीत सरासरी धरली तर चौरस फुटाला 28 किलो. समोरची काच पाच फूट बाय दोन फूट, म्हणजे दहा चौरस फूट. गुणाकार केला की 280 किलो होतात. आपल्यासारख्या पाच बाया त्या काचेला आतून रेलून उभ्या आहेत असे समजा. रात्रंदिवस, एक क्षणही न हलता.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, टाकी समोरून मागे किती रुंद आहे याने समोरच्या काचेवरचा जोर बदलत नाही. एक फूट रुंद असो की तीन फूट, जोर तोच. लोक म्हणतात, "टाकी अरुंद आहे, पाणी कमी आहे, पातळ काच चालेल." चालत नाही. दुसरी, उंची थोडी वाढली की जोर फार वाढतो. तीच पाच फुटी टाकी दीड फूट उंच असती तर काचेवर 160 किलो जोर आला असता. अर्धा फूट उंची वाढली आणि 160 चे 280 झाले. म्हणून टाकीकडे बघताना आधी उंची विचारा, मग लांबी, आणि शेवटी किती लिटरची ते.

आता त्या काचेला धरते कोण? खालून तळाची काच, दोन्ही बाजूंनी बाजूच्या काचा. वरची कड मोकळी. चौकटीच्या टाकीत वरची कडही धरलेली असते, किंवा समोरच्या आणि मागच्या काचेमध्ये आडवी काचपट्टी चिकटवलेली असते. ती दोघींना बाहेर जाऊ देत नाही. बिनचौकटीच्या टाकीत ते काम करायला कोणी नाही. म्हणून तिथली काच वरच्या कडेवर मधोमध सगळ्यात जास्त बाहेर येते. त्याची भरपाई एकाच गोष्टीने होते, काचेच्या जाडीने.

जाडीचा हिशेब आपल्याला फायद्याचा आहे. काच दुप्पट जाड केली तर वाक निम्मा होत नाही, आठव्या हिश्शावर येतो. 8 एमएमच्या जागी 12 एमएम लावली तर वाक साडेतीनपटीने कमी होतो. 10 च्या जागी 12 लावली तरी पावणेदोनपट फरक पडतो. दोन एमएमसाठी कोणी घासाघीस करत असेल तर हे आठवा. पाच फूट बाय दोन फुटाच्या बिनचौकटीच्या टाकीला आम्ही आता 15 एमएम सांगतो. 12 एमएम असेल तर वर आडवी पट्टी लावून घ्या म्हणतो. घोडबंदरच्या टाकीची काच आम्ही कडेवर पट्टी ठेवून मोजली. ती 10 एमएम होती.

इथे एक गैरसमज काढून टाकू. "आमची काच टफन आहे, तिला काही होत नाही," असे दुकानात सांगतात. टफन काच तुटायला साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, हे खरे. पण वाकायला दोघी सारख्याच. जाडी तीच असेल तर टफन काचही तेवढीच फुगते आणि जोडावरचा ताणही तेवढाच राहतो. शिवाय साध्या काचेला लांब तडा जातो. बऱ्याचदा आधी पाणी झिरपते आणि आपल्याला थोडा वेळ मिळतो. टफन काच गेली की एका झटक्यात बारीक तुकडे होऊन सगळी जाते. तिला नंतर भोक पाडता येत नाही, कापता येत नाही, आणि कडेवरचा टोला तिला सोसत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. काच लवचीक असते. पाणी भरले की वाकते, पाणी काढले की सरळ होते. वर्षभर पाणी भरून ठेवले म्हणून ती हळूहळू जास्त वाकत जात नाही. काचेचा तो स्वभाव नाही. मग पाण्याची पातळी तीच असताना आठवड्याभरात वाक वाढला, तर काय समजायचे? काच तीच आहे, पण तिला धरणारे काहीतरी सुटत चालले आहे. एक तर कोपऱ्यातले सिलिकॉन काचेपासून निघते आहे, नाहीतर खालचा स्टँड किंवा फळी बसते आहे. वाक असणे हा दोष नाही मैत्रिणींनो, वाक वाढणे हा दोष आहे. आजच्या बोलण्यातले एवढे एक वाक्य गटाच्या वहीत लिहून ठेवा.

ते कळायचे कसे? डोळ्याने कळत नाही, मोजावे लागते. त्याला महागडे यंत्र लागत नाही. एक दोरा आणि एमएमची खूण असलेली स्टीलची पट्टी पुरते. दोघींनी टाकीच्या समोरच्या काचेच्या दोन टोकांना वरच्या कडेच्या किंचित खाली दोरा धरायचा. काच बाहेर फुगलेली असल्यामुळे दोरा मधे काचेला टेकतो. म्हणून दोन्ही टोकांना दोरा आणि काच यांच्यामध्ये सारख्या जाडीचे दोन ठोकळे ठेवायचे. शिवणाच्या दोन सारख्या रिळाही चालतात. दोरा ताणून धरायचा. आता मधोमध दोरा आणि काच यांच्यातले अंतर मोजायचे. रीळ 30 एमएमची असेल आणि मधे अंतर 24 भरले, तर काच 6 एमएम बाहेर आली आहे. मागची काच भिंतीकडे असते, तिथे हात पोचत नाही. तेव्हा आतून मोजपट्टीने समोरच्या आणि मागच्या काचेतले अंतर घ्यायचे, एकदा टोकाला आणि एकदा मधे. त्यातून समोरच्या काचेचा वाक वजा केला की मागचीचा मिळतो.

नवीन टाकी असेल तर हे माप चार वेळा घ्या. रिकामी असताना, अर्धी भरल्यावर, पूर्ण भरल्यावर, आणि एक दिवसाने. पाण्याची पातळी काचेवर पेनने खूण करून ठेवा, कारण पातळी बदलली की माप बदलते. नंतर पहिला महिना दर आठवड्याला आणि पुढे महिन्यातून एकदा. एकच बाई मोजत असेल तर बरे, हात तोच राहतो.

घोडबंदरच्या टाकीत आम्हाला पहिल्या दिवशी 6 एमएम मिळाले. चार दिवसांनी 7. पुढच्या आठवड्यात 9. पाण्याची खूण तीच होती. मग आमच्या शिवणवालीने मोबाईलचा दिवा लावून कोपरे बघितले. समोरच्या डाव्या कोपऱ्यात, वरून वीतभर अंतरात, सिलिकॉन आणि काच यांच्यामध्ये पांढरट पट्टा दिसत होता, आत हवा गेल्यासारखा. बोटाने दाबले की तो पट्टा रुंद व्हायचा. पाणी अजून एक थेंबही बाहेर आले नव्हते.

वहिनींच्या घरी तीन दिवसांनी वास्तुशांत होती. पाहुणे येणार होते आणि ती टाकी दिवाणखान्याची शोभा होती. आम्ही म्हटले, "वहिनी, पाणी निम्मे करावे लागेल." त्यांना राग आला. "टाकी बसवणारा म्हणतो काही होत नाही, आणि तुम्ही साफसफाईला येणाऱ्या बायका मला शिकवणार?" असे बोलल्या. वाईट वाटले. महिन्याला तेवढे पैसे देणारे दुसरे घर आमच्याकडे नव्हते. खाली पार्किंगमध्ये उभ्या राहून आम्ही दोघींनी अध्यक्ष ताईला फोन केला. ती म्हणाली, "काम गेले तर गेले. त्या घरात लहान पोर रांगते ना?" रांगत होते. टाकीसमोरच्याच सतरंजीवर.

आम्ही परत वर गेलो. दोरा आणि रिळा काढल्या आणि वहिनींच्या सासूबाईंना माप त्यांच्याच हाताने घ्यायला लावले. वहीतले जुने आकडे दाखवले. मोबाईलच्या दिव्यात तो पांढरा पट्टा दाखवला. आजी म्हणाल्या, "काढा पाणी."

पाणी निम्मे केल्याने काय होते तेही सांगतो. दोन फूट पाण्याचा जोर 280 किलो होता. एक फूट ठेवले तर तो निम्मा, म्हणजे 140 नाही राहत. तो 70 किलोवर येतो, चौथा हिस्सा. शिवाय तो जोर खाली, जिथे काच तळाला धरलेली आहे, तिथे लागतो. म्हणून संशय आला की पहिला उपाय हाच. त्यासाठी टाकी बसवणाऱ्याची वाट बघायची गरज नाही. पंधरा लिटरच्या एकोणीस-वीस बादल्या होतात. दोन नळ्या लावल्या की काम हलके होते. फक्त पाणी काढण्याआधी हिटर आणि फिल्टरची पिन काढा. पाण्याबाहेर राहिलेला चालू हिटर तडकतो आणि फिल्टरची मोटर कोरडी फिरून जळते. मासे एक फूट पाण्यात राहतात, हवेचा पंप मात्र चालू ठेवा आणि खाणे कमी घाला.

ती टाकी नंतर पूर्ण रिकामी केली तेव्हा कोपऱ्यातले सिलिकॉन सुरीच्या टोकाने पट्टीसारखे निघून आले. ती रात्री फुटलीच असती, असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित आणखी महिना राहिली असती. पण एक महिना की एक रात्र, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

फार मोठ्या लोकांनाही ते सांगता आलेले नाही. जर्मनीत बर्लिन शहरातल्या एका हॉटेलात ॲक्वाडोम नावाचे गोल उभे मत्स्यालय होते. काचेचे नाही, ॲक्रिलिकचे. त्यात सुमारे 10 लाख लिटर पाणी आणि 1500 मासे होते. 16 डिसेंबर 2022 ला पहाटे सहाच्या सुमारास ते अचानक फुटले. पाणी हॉटेलातून थेट रस्त्यावर आले. दोन माणसे जखमी झाली, जवळजवळ सगळे मासे मेले. वेळ पहाटेची म्हणून माणसे वाचली. दिवसा तिथे पर्यटकांची गर्दी असायची. तपास करणाऱ्या तज्ज्ञांनी चिकटवलेल्या जोडापासून दुरुस्तीच्या वेळच्या चुकांपर्यंत काही शक्यता मांडल्या, पण नेमके एक कारण सिद्ध झाले नाही. आपल्या मुंबईतल्या तारापोरवाला मत्स्यालयात 2015 मध्ये नूतनीकरणानंतर 12 फुटी बोगदा केला होता. आपल्यापैकी काही जणी शाळेच्या सहलीबरोबर त्यातून गेल्याही असतील. तोही ॲक्रिलिकचा होता. ॲक्रिलिकचा स्वभाव काचेपेक्षा वेगळा असतो. ते जास्त वाकते, आणि सतत ताणाखाली वर्षानुवर्षे हळूहळू सरकतही जाते. म्हणून काचेचा नियम ॲक्रिलिकच्या टाकीला लावू नका. तशी टाकी असेल तर बनवणाऱ्याकडूनच तपासून घ्या.

पाण्याचा जोर फक्त शोभेच्या टाकीत असतो असेही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये भोसरीत कामगारांच्या वस्तीतली पाण्याची टाकी फुटून खाली अंघोळीला आलेले कामगार मेले. आपल्या गावात कोणी विटांची टाकी घाईने बांधून दुसऱ्याच दिवशी काठोकाठ भरत असेल, तर तिथेही हाच डब्याच्या भोकांचा धडा सांगा.

आता टाकी कुठे आणि कशी ठेवायची ते बघू, कारण बऱ्याचदा दोष काचेत नसतो, तिच्या खाली असतो. पाच बाय दोन बाय दोन फुटाची टाकी म्हणजे 20 घनफूट. त्यात 566 लिटर पाणी, म्हणजे 566 किलो. काच, वाळू, दगड धरून साडेसातशे किलोच्या घरात जाते. हे सगळे दहा चौरस फुटांवर उभे राहते. राहत्या घराची स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला 200 किलो हलता भार धरून आखतात, म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेअठरा किलो. टाकीखाली तो 75 किलोच्या आसपास होतो, चौपट. भार सगळ्या स्लॅबवर वाटला जातो, म्हणून चांगल्या इमारतीत तो निभतो. पण खोलीच्या मधोमध नको. भिंतीला लागून, खाली तुळई असेल तिथे ठेवायची. बाल्कनीत तर नकोच. डोंबिवली, कल्याण, ठाण्यात जुन्या इमारती पुष्कळ आहेत. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. तशा इमारतीत मोठ्या टाकीचे काम आम्ही घेत नाही.

स्टँड सपाट हवा. गवंडी दादाकडची पाणसळ घ्या आणि टाकी रिकामी असतानाच लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे लावून बघा. पाणसळ नसेल तर टाकीत दोन इंच पाणी घाला आणि चारही कोपऱ्यांत पाण्याची उंची मोजा. एक कोपरा खाली असेल तर काच पिळली जाते. असा पीळ काचेला वाकण्यापेक्षा वाईट. टाकीच्या तळाखाली फोमची शीट किंवा थर्मोकोल घालतात, त्याने एखादा खडा, स्क्रूचे डोके काचेला टोचत नाही. पण वाकड्या स्टँडला फोम सरळ करू शकत नाही. आणि साध्या प्लायचा स्टँड पाणी लागून फुगतो. वाक वाढण्याचे ते एक कारण आम्ही दोन घरांत बघितले.

सिलिकॉनबद्दल थोडे. जोड पक्का व्हायला दिवस लागतात. वरून बोटाला कोरडे लागले म्हणजे आत वाळले असे नाही. ओले असताना त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नका. आम्ही मोठ्या टाकीला निदान आठवडा देतो. बाथरूमसाठी मिळते ते बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन वापरू नका, त्याने मासे मरतात. आणि गळणाऱ्या जोडावर वरून नवा थर फासणे ही दुरुस्ती नाही. नवे सिलिकॉन जुन्याला नीट धरत नाही. काचा सोडवून, जुने सगळे खरवडून, पुन्हा जोडाव्या लागतात.

साफसफाई करताना आपल्या हातून काय होऊ शकते तेही बघा. मोठा दगड काचेला टेकून ठेवू नका. वरच्या कडेवर हात टेकून आत वाकू नका, स्टूल घ्या. ब्लेडने शेवाळ काढताना कोपऱ्यातले सिलिकॉन कापले जाते. आम्ही कोपऱ्यात ब्लेड लावतच नाही, जुनी मऊ स्पंजच वापरतो. गार टाकीत गरम पाणी एकदम ओतू नका. पाणी असताना टाकी सरकवू नका, तळाला चार बोटे पाणी असले तरी नाही. आणि हात घालण्याआधी सगळ्या पिना काढा.

टाकी गळायलाच लागली तर घाबरून आधी कपडा लावायला धावू नका. पहिले काम, त्या खोलीचा विजेचा मेन स्विच बंद करणे, तोही कोरड्या जागी उभे राहून. दुसरे, लहान मुले आणि म्हातारी माणसे खोलीबाहेर. तिसरे, टाकीच्या समोर उभे न राहता बाजूने नळ्या टाकून पाणी कमी करणे. काचेला तडा दिसत असेल तर तिला हात लावू नका, फक्त पाणी काढा. मासे शेवटी. मासे पुन्हा मिळतात.

आता आपल्या गटाच्या हिताची गोष्ट. मोठी टाकी फुटली तर घरवाले पहिल्यांदा कोणाचे नाव घेतील? ती बनवणाऱ्याचे नाही. शेवटचा हात ज्या बाईने लावला तिचे. फरशी, सोफा, खालच्या मजल्याचे छत, सगळ्याचा हिशेब आपल्या गटाकडे मागतील. दहा जणींच्या बचतीतून तो द्यायचा कुठून? म्हणून आम्ही आता काम घेताना पहिल्याच दिवशी एक पान भरतो. टाकीची लांबी, रुंदी, उंची, काचेची जाडी, वर पट्टी आहे की नाही, कोपऱ्यांची स्थिती, दोऱ्याने घेतलेले माप आणि तारीख. खाली घरच्यांची सही आणि आपल्या दोघींची सही. सोबत मोबाईलवर फोटो. वाक वाढला तर लेखी कळवायचे आणि पाणी निम्मे करेपर्यंत पुढचे काम करायचे नाही. हे पान कोणाला कमी लेखण्यासाठी नाही, दोन्ही बाजूंना सांभाळण्यासाठी आहे.

ज्या गटांना स्वतःच मासे वाढवायचे आहेत, त्यांनी काचेच्या मोठ्या टाक्यांपासून सुरुवात करू नये. सिमेंटच्या, फायबरच्या उथळ टाक्या स्वस्त आणि सुरक्षित पडतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी 3 लाखांचा प्रकल्प धरला होता आणि महिलांना त्यावर 60 टक्के अनुदान ठेवले होते. सध्या कोणते अर्ज सुरू आहेत ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. आपल्याच जिल्ह्यात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात समुद्री शोभेच्या माशांची पिले तयार करतात. फ्लेमिंगो बघायला गेलात तर तेही बघून या.

तुम्ही विचाराल, वहिनींच्या टाकीचे पुढे काय झाले. वास्तुशांतीला निम्म्या पाण्याची टाकी होती, आजींनी बाजूला कुंड्या मांडून ती सजवली. त्या महिन्याचे पैसे उशिरा मिळाले आणि नंतर दोन महिने आम्हाला बोलावणे आले नाही. मग आले. नवी टाकी झाली होती, काच 15 एमएम, उंची दीड फूट. भरायच्या दिवशी वहिनींनीच विचारले, "तुमची ती रिळं आणलीत ना?"

आणली होती. मधोमध वाक एक एमएमच्या आत भरला. चार दिवसांनी तेवढाच. पुढच्या आठवड्यात तेवढाच. वहीत तीन ओळी लिहिल्या आणि आजींनी सही केली.

तुमच्या गटाने कुठल्या टाकीचे माप घेतले तर आकडे लिहून रेडिओवर पाठवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर, मैत्रिणींनो, दोरा, दोन रिळा आणि स्टीलची पट्टी पिशवीत ठेवा. नमस्कार.